मिनिटेलच्या पाठीवरचं सॉकेट

जुन्या संगणकांचा नाद असलेल्यांच्या टेबलावर हल्ली एक तपकिरी डबा हमखास दिसतो. नऊ इंची काच आणि तिच्यावर झाकणासारखा मिटणारा कीबोर्ड. हा फ्रान्सचा मिनिटेल, टेलिफोनच्या तारेला जोडून वापरायचं यंत्र.

जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी छापून वाटत बसण्यापेक्षा नंबर शोधायचं यंत्रच घरोघरी फुकट द्यावं, असा फ्रेंच टेलिफोन खात्याचा हिशेब होता. १९८० साली सँ-मालोत आणि पुढच्या वर्षी पॅरिसजवळच्या वेलिझीत चाचण्या झाल्या आणि १९८२ पासून ते देशभर मिळू लागलं. डिरेक्टरीच्या निमित्ताने घरात शिरलेल्या या यंत्रावर लोक रेल्वेची तिकिटं काढू लागले, बँकेचे व्यवहार करू लागले. ३६१५ हा नंबर फिरवून चावट गप्पाही रंगू लागल्या, त्याचे पैसे टेलिफोन बिलात. ऐन भरात असे सुमारे ९० लाख डबे होते. ३० जून २०१२ ला सेवा बंद झाली आणि राहिलेले डबे माळ्यावर किंवा भंगारात गेले.

खरं तर हे यंत्र अगदीच बिनडोक. हार्डडिस्क नाही, स्वतःचे प्रोग्राम नाहीत. तारेतून आलेली अक्षरं काचेवर उमटवायची आणि दाबलेली कळ पलीकडे कळवायची, एवढंच काम. पण तेच आज पथ्यावर पडलंय. पलीकडे टेलिफोन खात्याचा सर्व्हर आहे की ईएसपी३२ नावाची स्वस्तातली कंट्रोलर चिप, याचं त्याला सोयरसुतक नाही.

प्रिंटर, कार्ड रीडर वगैरे जोडता यावेत म्हणून पाठीमागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट दिलं होतं, जुन्या टेपरेकॉर्डरला असायचं तसं. आत साधं सीरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारं; अक्षरामागे सात बिट आणि चूक ओळखायला एक जादा बिट (ईव्हन पॅरिटी), आणि त्याची तांत्रिक माहिती तेव्हाच छापून प्रसिद्ध झालेली. व्होल्टेज जुळवलं की तीन वायरींत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक त्याच्याशी बोलू लागतो. एरवी जुना सीआरटी (काचेच्या नळीचा पडदा) वापरायचा म्हणजे तो उघडून हाय व्होल्टेजशी गाठ. इथे स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

मिनिटेलच्या '१बी' मॉडेलवर 'फंक्शन' आणि 'पी' एकत्र, मग '४' दाबलं की या सॉकेटचा वेग सेकंदाला १२०० बिटांवरून ४८०० वर जातो. तरी मला १२००च बरा वाटतो. चाळीस अक्षरांच्या चोवीस ओळी भरायला त्याला आठ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ ओळीमागून ओळ उमटताना दिसते.