कंट्रोल डेकविरुद्धचा खेळ

कंट्रोल डेकविरुद्धचा खेळ : ट्रेडिंग कार्ड प्रकारच्या स्पर्धात्मक खेळांत प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक धोक्याला उत्तर देत डाव लांबवणाऱ्या आणि उशिरा, मोजक्याच कार्डांनी जिंकणाऱ्या डेकला (खेळाडूच्या कार्डांच्या गड्डीला) कंट्रोल डेक म्हणतात. अशा डेकसमोर आक्रमक किंवा मध्यम गतीच्या डेकने वापरायचे डावपेच हा या नोंदीचा विषय आहे. विवेचन मुख्यतः ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाला धरून केले आहे. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ मध्ये बाजारात आणला आणि कंट्रोलची परिभाषा बव्हंशी त्यातच घडली. किमान ६० कार्डांचा डेक, १५ कार्डांचा साइडबोर्ड (डावांच्या मध्ये डेक बदलण्यासाठीची राखीव कार्डे), ७ कार्डांचा प्रारंभिक हात आणि २० लाइफ (ती संपली की खेळाडू हरतो) हे आकडे पुढे गृहीत धरले आहेत. लँड ही कार्डे टॅप करून (आडवी वळवून) माना हे चलन मिळते; न वळवलेली लँड ती मोकळी. मानाने खेळायची इतर कार्डे म्हणजे स्पेल, आणि टेबलावर राहून हल्ला करणारी कार्डे म्हणजे क्रीचर.

उगम : पहिला खरा कंट्रोल डेक कोणाचा, याबद्दल एकमत नाही. प्रचलित मत ब्रायन वाइसमन यांच्या, नुसत्या ‘द डेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेकला हा मान देते. त्याला आकार आला तो बहुधा १९९४–९५ च्या सुमारास. निळ्या-पांढऱ्या रंगांचा हा डेक मोट आणि स्वोर्ड्स टू प्लॉशेअर्स यांनी क्रीचर रोखी, काउंटरस्पेल व माना ड्रेन यांनी स्पेल अडवी आणि डिसरप्टिंग सेप्टरने प्रतिस्पर्ध्याचा हात हळूहळू रिकामा करी. जिंकण्याचे काम सेरा एंजल या क्रीचरच्या एक-दोन प्रतींवर सोपवलेले असे.

दुसरे मत १९९४ च्या मिलवॉकी येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेकडे बोट दाखवते. तेथील विजेते झॅक डोलन यांच्या डेकमध्ये स्टेसिस व किस्मेट ही जोडी, राथ ऑफ गॉड (टेबलावरील सर्व क्रीचर नष्ट करणारे कार्ड) आणि सेरा एंजल होते. कालक्रम पाहता हे मत टाकाऊ नाही. तथापि डोलन यांचा डेक प्रतिस्पर्ध्याची लँड व क्रीचर गोठवून ठेवण्यावर अधिक विसंबून होता. ‘एका कार्डाच्या बदल्यात दोन कार्डे घ्या आणि थांबा’ हे तत्त्व सुसंगतपणे मांडण्याचे श्रेय वाइसमन यांनाच देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याही आधी काउंटरस्पेल आणि राथ ऑफ गॉड ही दोन्ही कार्डे १९९३ च्या पहिल्या संचात होती. त्यामुळे अनेक ठिकाणी, अनेकांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असणे शक्य आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेली पहिली प्रो टूर (व्यावसायिक स्पर्धा) मायकेल लोकोंटो यांनी निळ्या-पांढऱ्या कंट्रोलने जिंकली. अंतिम फेरीत हरलेले फ्रान्सचे बर्ट्रांड लेस्ट्रे हेच १९९४ च्या अंतिम फेरीतही डोलन यांच्याकडून हरले होते. कंट्रोलविरुद्धच्या पराभवांचा इतिहास एकाच नावाने सुरू होतो, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९९७–९८ च्या सुमारास आलेला, जवळजवळ सर्व स्पेल प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये खेळणारा ‘ड्रॉ-गो’ हा प्रकार सामान्यतः अँड्र्यू कुनियो यांच्या नावे सांगितला जातो.

भूमिकेचा प्रश्न : माइक फ्लोरेस यांनी १९९९ मधील एका लेखात असे मांडले की, दोन डेक समोरासमोर आले की एकाने हल्लेखोर आणि दुसऱ्याने बचावकर्ता व्हायचे असते आणि ही भूमिका चुकीची घेणारा बहुधा हरतो. कंट्रोलसमोर भूमिकेची शंका सहसा उरत नाही. लांबलेला डाव त्याचाच असल्याने हल्ला आपल्याला करावा लागतो. मतभेद आहे तो हल्ल्याच्या मापाबद्दल. एक पक्ष म्हणतो, हात रिकामा होईपर्यंत वेगाने खेळा. दुसरा म्हणतो, बोर्ड वाइपच्या (राथ ऑफ गॉडसारख्या, सर्व क्रीचर एकदम नष्ट करणाऱ्या कार्डाच्या) भीतीने एका वेळी एकच क्रीचर उतरवा. दोन्ही सल्ले अपुरे आहेत, कारण दोन्हीकडे कार्डे मोजली जातात. मोजायला हवी ती हल्ल्यांची संख्या आणि कंट्रोल खेळाडूकडील मोकळ्या लँड.

दाबाचे माप : २० लाइफ संपवायला टेबलावरील क्रीचरची एकूण पॉवर (एका हल्ल्यात ती जेवढी लाइफ कमी करतात तो आकडा) ४ असल्यास ५ हल्ले लागतात, ५ असल्यास ४, ७ असल्यास ३ आणि १० असल्यास २. या पायऱ्यांच्या मधले आकडे निरुपयोगी असतात. ७ पॉवर टेबलावर असताना २ पॉवरचे आणखी एक क्रीचर उतरवले तर बेरीज ९ होते, पण हल्ले तीनच लागतात. म्हणजे ते कार्ड काहीही न मिळवता वाइपच्या तोंडी दिले जाते. ५ वरून ७ वर जाणे मात्र एक पूर्ण टर्न वाचवते आणि जोखीम घेण्याजोगे असते. लाइफ कमी होत जाईल तशा पायऱ्या बदलतात, म्हणून हे गणित प्रत्येक टर्नला नव्याने करावे लागते. सरावलेल्या खेळाडूंकडूनही नेमके हेच गणित वगळले जाते.

वाइप हातात असण्याची शक्यताही मोजता येते. ६० कार्डांत राथच्या ४ प्रती असतील, तर प्रथम खेळणाऱ्या कंट्रोल खेळाडूने चौथ्या टर्नपर्यंत १० कार्डे पाहिलेली असतात आणि त्यांत किमान एक राथ असण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के असते. दुसऱ्याने खेळणाऱ्यासाठी ११ कार्डे धरून ती सुमारे ५७ टक्के होते. जादा कार्डे ओढणारे स्पेल आणि मलिगन (प्रारंभिक हात बदलून घेणे) यांचा यात विचार नाही. जादा ओढलेली कार्डे धरल्यास शक्यता वाढते. थोडक्यात, चौथ्या टर्नला राथ येईल असे धरूनच खेळावे, पण ती प्रत्येक वेळी येत नाही हेही विसरू नये.

लँडची खिडकी : राथला ४ माना लागतात, काउंटरस्पेलला २. म्हणून ४ किंवा ५ लँड असलेल्या कंट्रोल खेळाडूला स्वतःच्या टर्नमध्ये राथ खेळल्यावर काउंटरस्पेल हाताशी ठेवता येत नाही. सहाव्या लँडनंतर दोन्ही एकदम शक्य होतात. या दोन टप्प्यांमधील दोन-तीन टर्न हीच हल्लेखोराची खरी संधी. त्यामुळे एकेकटे क्रीचर उतरवण्याच्या सल्ल्यात एक दोष राहतो. दाब कमी पडला, तर राथ खेळण्याची सक्तीच होत नाही आणि खिडकी आपोआप बंद होते. साधारण क्रम असा ठेवतात : पहिल्या तीन टर्नमध्ये ५ ते ७ पॉवर टेबलावर आणायची, हातातील सर्वांत भारी धोका मागे ठेवायचा, राथ पडू द्यायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्व लँड टॅप असताना पुढच्याच टर्नला तो धोका उतरवायचा. तो प्लेन्सवॉकर (टेबलावर राहून दर टर्नला एक क्षमता वापरू देणारे कार्ड) किंवा हेस्ट असलेले (उतरताच हल्ला करू शकणारे) क्रीचर असेल तर उत्तम. म्युटाव्हॉल्टसारखी क्रीचर होणारी लँड याच कामाची आहे. ती कंट्रोल खेळाडूच्या टर्नमध्ये नुसती लँडच असते, त्यामुळे राथ तिला स्पर्श करत नाही आणि तिच्यावर काउंटरही (स्पेल अडवणारे कार्डही) चालत नाही. तिला क्रीचर करण्यासाठी मात्र दर टर्नला माना लागतो, म्हणून अशा सामन्यांत आक्रमक डेकनेही लँड टाकणे थांबवू नये.

हल्ल्याच्या टर्नमध्येच उत्तर देणारी कार्डे हे गणित बदलतात. सेटल द रेकेज ४ माना घेऊन हल्ला करणारी सर्व क्रीचर खेळाबाहेर काढते; द वॉन्डरिंग एम्परर ही प्लेन्सवॉकरही ४ मानांत आपल्या हल्ल्यादरम्यान उतरून टॅप झालेल्या एका क्रीचरला बाहेर काढते. प्रतिस्पर्ध्याने ४ लँड मोकळ्या ठेवून काहीही न करता टर्न संपवली, तर पायरीला लागतील तेवढीच क्रीचर हल्ल्याला पाठवावीत.

काउंटर चुकवणे : माना लीकसारखे काउंटर ३ जादा माना दिल्यास निष्फळ ठरतात. डाव लांबल्यावर महत्त्वाचा स्पेल त्याच्या किमतीपेक्षा ३ माना अधिक हाताशी असतानाच खेळावा. काउंटरस्पेलला मात्र अशी सवलत नाही. तेथे एका टर्नमध्ये दोन स्पेल खेळणे हा मार्ग आहे. आधी कमी महत्त्वाचा, पण दुर्लक्ष करता येणार नाही असा स्पेल खेळायचा, नंतर खरा. आमिष अगदीच किरकोळ असेल तर अनुभवी खेळाडू ते सोडून देतो. प्रतिस्पर्ध्याच्या एंड स्टेपमध्ये (टर्नच्या अखेरच्या टप्प्यात) इन्स्टंट (कोणाच्याही टर्नमध्ये खेळता येणारा स्पेल) किंवा फ्लॅश असलेले (तसेच खेळता येणारे) क्रीचर खेळल्यास त्याला तेथेच माना खर्च करावा लागतो आणि आपल्या टर्नमध्ये वाट मोकळी होते. टेफेरी, टाइम रॅव्हेलर हा प्लेन्सवॉकर टेबलावर असताना हा मार्ग बंद असतो, कारण त्याच्या विरोधकाला सॉर्सरीच्या वेळेलाच (स्वतःच्या टर्नच्या मुख्य टप्प्यात) स्पेल खेळता येतात. फोर्स ऑफ विल असलेल्या फॉरमॅटमध्ये (कोणती कार्डे चालतात ते ठरवणाऱ्या स्पर्धाप्रकारात) ‘सर्व लँड टॅप आहेत’ यावर विसंबता येत नाही. ते काउंटर १ लाइफ देऊन आणि हातातील दुसरे निळे कार्ड बाहेर काढून फुकट खेळता येते.

टेफेरी, हीरो ऑफ डोमिनारिया हे ५ मानांचे प्लेन्सवॉकर कार्ड स्वतंत्र उल्लेख मागते. त्याची सुरुवातीची लॉयल्टी (ती संपली की प्लेन्सवॉकर जातो) ४. +१ क्षमता वापरून एक कार्ड ओढल्यावर ती ५ होते आणि एंड स्टेपच्या सुरुवातीला दोन लँड पुन्हा मोकळ्या होतात. पाच लँडवर तो उतरला, तर आपल्या टर्नमध्ये दोन लँडचा काउंटर समोर उभा असतो. पण त्या दोन लँड मोकळ्या होण्याचा ट्रिगर (आपोआप सुरू होणारी क्षमता) स्टॅकवर, म्हणजे पूर्ण होण्याच्या रांगेत, असताना त्या अजून टॅपच असतात. इन्स्टंट खेळण्याची जागा तीच. ट्रिगर पूर्ण होऊ दिला की संधी गेली. आपल्या टर्नमध्ये टेफेरीवर हल्ला करताना बरोबर ५ डॅमेज त्याला आणि उरलेला खेळाडूला अशी विभागणी करतात.

‘काउंटर करता येत नाही’ या शब्दांवर फार भिस्त ठेवू नये. ही क्षमता आणि हेक्सप्रूफ (प्रतिस्पर्ध्याला टार्गेट म्हणून निवडता न येणे) दोन्ही असलेला कार्नेज टायरंटदेखील राथला बळी पडतो, कारण राथ कोणालाही टार्गेट करत नाही. कॅव्हर्न ऑफ सोल्स ही क्रीचरला काउंटरपासून वाचवणारी लँड उतरवताना क्रीचरचा प्रकार निवडावा लागतो आणि क्रीचरसाठी त्याच लँडचा माना खर्चावा लागतो. दुसऱ्या लँडचा माना दिला की संरक्षण मिळत नाही, ही चूक स्पर्धांत सर्रास होते.

हातातून कार्डे काढणे : ड्युरेस व थॉटसीझ ही प्रतिस्पर्ध्याच्या हातातील कार्ड काढणारी, प्रत्येकी १ मानाची कार्डे पहिल्या टर्नला खेळावीत की राखून ठेवावीत, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या टर्नला खेळल्यास पुढच्या टर्नांचा आराखडा कळतो. उशिरा, मुख्य धोक्याच्या त्याच टर्नमध्ये खेळल्यास नेमका काउंटर काढता येतो. केवळ एकच प्रत हातात असेल आणि हातातील बाकीचे धोके महाग असतील, तर राखून ठेवणे बरे. प्रारंभिक हातात अशी तीन कार्डे आणि एकही धोका नसेल, तर तो हात ठेवू नये. कंट्रोल खेळाडू पुन्हा कार्डे ओढून सावरतो.

साइडबोर्ड : पहिल्या डावानंतर क्रीचर मारणारी कार्डे काढायची हे उघड आहे. सगळीच काढणे मात्र धोक्याचे, कारण काही कंट्रोल डेक दुसऱ्या डावात मुद्दाम क्रीचर आणतात. दोन प्रती ठेवण्याचा प्रघात आहे. आत काय आणायचे ते रंगांवर अवलंबून असते : काळ्यात ड्युरेस, लाल रंगात पायरोब्लास्ट, निळ्यात मिस्टिकल डिस्प्यूट. अडवणारी कार्डे भरताना स्वस्त क्रीचर बाहेर गेली, तर दाब नाहीसा होतो आणि नुसती उत्तरे उरतात. त्या खेळात कंट्रोल डेक नेहमीच सरस ठरतो.

लाल डेकची बाब थोडी निराळी. प्रतिस्पर्धी ६ लाइफच्या आसपास आला की लाइटनिंग बोल्टसारखी, ३ डॅमेज देणारी कार्डे क्रीचरवर न घालवता साठवतात. एक त्याच्या एंड स्टेपमध्ये, दुसरे आपल्या टर्नमध्ये असा क्रम ठेवल्यास त्याला दोन्हीकडे माना ठेवावा लागतो.

वेळ : तीन डावांच्या सामन्याला सहसा ५० मिनिटे मिळतात आणि त्यानंतर एकूण ५ जादा टर्न. पहिला डाव हाताबाहेर गेला असेल तर तो लवकर सोडणे हिताचे. वेळ उरतो, आणि डेकमधील न दिसलेली कार्डे गुप्त राहतात. प्रतिस्पर्धी विनाकारण रेंगाळत असल्यास पंचाला बोलवावे. त्यात अशिष्ट काही नाही. लेगसी या जुनी कार्डेही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेन्सेईज डिव्हायनिंग टॉप या कार्डावर एप्रिल २०१७ मध्ये बंदी आली. त्यावर चालणारा ‘मिरॅकल्स’ हा कंट्रोल डेक वरचढ झाला होताच, शिवाय टॉपच्या सततच्या वापराने फेऱ्या लांबत असत.

इतर खेळ : ‘यू-गी-ओह!’मध्ये मानासारखे साधन नसल्याने लँडच्या खिडकीचे तत्त्व लागू पडत नाही. तेथे टेबलावर उलटी ठेवलेली ट्रॅप कार्डे आधी काढणे महत्त्वाचे ठरते. ‘पोकेमॉन’मध्ये कंट्रोल डेक बहुधा प्रतिस्पर्ध्याची गड्डी संपवून जिंकू पाहतो, कारण टर्नच्या सुरुवातीला कार्ड ओढता न आल्यास डाव हरतो. त्याच्यासमोर कार्डे ओढणाऱ्या क्षमता सक्तीच्या नसतील तर वापरू नयेत आणि सहा प्राइज कार्डे (ती सर्व उचलली की डाव जिंकतो) लवकर उचलण्यावर भर द्यावा.