क्रिटिकल पाथ आणि बॉटलनेक: लॅबमध्ये तारीख कशाने ठरते आणि काम कुठे तुंबतं

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या फार्मा लॅबमध्ये प्लॅनिंग मीटिंग चालू असली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एचपीएलसी क्रिटिकल आहे." एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. बोलणाऱ्या ग्रुप लीडरला म्हणायचं असतं की मशीन रिकामं मिळत नाही. समोरचा प्रोजेक्ट मॅनेजर मात्र असं समजतो की फायलिंगची, म्हणजे मंजुरीचा अर्ज भरायची तारीख याच मशीनवर अडली आहे. मग तो वरच्यांकडे नवीन मशीनची मागणी टाकतो, मशीन येतं, आणि तारीख जिथे होती तिथेच राहते. ग्रुप लीडर बॉटलनेकबद्दल बोलत होता, मॅनेजरने ऐकला क्रिटिकल पाथ. एकाच वेळी आठ-दहा प्रोजेक्ट हाकणाऱ्या लॅबमध्ये या गल्लतीची किंमत फार मोठी असते, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघू.

क्रिटिकल पाथ म्हणजे एका प्रोजेक्टमधली एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी. या साखळीतलं कुठलंही काम एक दिवस लांबलं तर प्रोजेक्ट एक दिवस लांबतो. साखळीबाहेरच्या कामांना थोडी सवड असते, तिला फ्लोट म्हणतात. ही पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली, म्हणजे तिचा जन्मच केमिकल कारखान्यांच्या कामातून झाला. बॉटलनेक म्हणजे सगळ्या प्रोजेक्टना मिळून लागणारी अशी एक जागा, जिची क्षमता मागणीच्या मानाने सगळ्यात कमी आहे. ती मशीन असेल, माणूस असेल किंवा एखादी सहीसुद्धा. लॅबमधून महिन्याला किती काम बाहेर पडणार हे ती जागा ठरवते. या विचाराला 1980 च्या दशकात नेटकं रूप दिलं ते इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी.

महाप्यात दहा वाजता मीटिंग आहे. एक सहकारी कसाऱ्याहून लोकलने ठाण्याला, तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला आणि पुढे रिक्षाने येतो. त्याच्याशिवाय मीटिंग सुरू होत नाही, म्हणून त्याचा प्रवास हा क्रिटिकल पाथ. कल्याण-डोंबिवलीकडून गाडीने येणारे सगळे शिळफाट्याला अडकतात, तो बॉटलनेक. शिळफाटा कितीही रुंद केला तरी कसाऱ्याहून येणारा एक मिनिटही आधी पोहोचत नाही. पण शिळफाटा तसाच सोडला तर उद्या दहा मीटिंगा असतील तेव्हा दहाही रखडतील.

आता लॅबमध्ये येऊ. समजा अमेरिकेसाठीची एक जेनेरिक गोळी आहे. जून 2014 पासून अमेरिकी औषध नियामक एफडीएची अपेक्षा अशी की अर्जासोबत तीन बॅचेसचा किमान सहा महिन्यांचा स्टॅबिलिटी डेटा (औषध साठवणीत टिकतं का याच्या मोजण्या) हवा: ॲक्सिलरेटेड, म्हणजे 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के सापेक्ष आर्द्रता, आणि सोबत लाँग टर्म, म्हणजे नेहमीच्या साठवणीच्या तापमानाचा. एक्झिबिट बॅचेस, म्हणजे अर्जासाठी केलेल्या बॅचेस, पॅक होऊन ठरावीक तापमानाच्या चेंबरमध्ये चार्ज झाल्या (ठेवल्या गेल्या) की पुढचे सहा महिने कुणाच्याही हातात नसतात. सगळी लॅब रात्रपाळीला बसवली तरी सहाचे पाच महिने होणार नाहीत, आणि चेंबर 50 अंशांवर ठेवून डेटा लवकर मिळवायची सोयही नाही. तेव्हा या प्रोजेक्टचा क्रिटिकल पाथ उघड आहे: तपासणीची मेथड व्हॅलिडेट (पडताळून सिद्ध) होणं, बॅचेस चार्ज होणं, सहा महिन्यांचा पुल (तपासणीसाठी चेंबरमधून सॅम्पल काढणं), त्याचं टेस्टिंग, रिव्ह्यू, कम्पायलेशन. चार्जिंग चार दिवस लांबलं की फायलिंग चार दिवस लांबलं.

यात एचपीएलसी कुठे आली? चार्जिंगच्या आधी आणि सहाव्या महिन्यानंतर, एवढीच. मधले पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या महिन्याचे पुल फायलिंगच्या तारखेच्या दृष्टीने निवांत असतात. फक्त पुल झाल्यापासून टेस्टिंग किती दिवसांत संपलं पाहिजे याची मर्यादा कंपनीच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) असते, ती पाळायची. म्हणजे त्यांना फ्लोट आहे, पण मोजका.

गोंधळ सुरू होतो तो याच मधल्या पुलांपासून. ते आपल्या प्रोजेक्टच्या क्रिटिकल पाथवर नसतात, पण बॉटलनेकवर मात्र पूर्ण वजनाने बसतात. हिशेब करू. तीन बॅचेस, बाटली आणि ब्लिस्टर असे दोन पॅक, दोन कंडिशन: बारा सॅम्पल. प्रत्येकाची दोन प्रिपरेशन, म्हणजे 24 इंजेक्शन. त्यात ब्लँक, प्लॅसिबो, सिस्टीम सुटेबिलिटी (मशीन नीट चालतंय का याची चाचणी) आणि स्टँडर्डची सहा रिपीट धरून दहाएक, वर मध्ये-मध्ये परत घ्यायच्या (ब्रॅकेटिंग) स्टँडर्डची चार. झाली 38. रिलेटेड सबस्टन्सेस, म्हणजे अशुद्धींच्या टेस्टमध्ये एका इंजेक्शनचा रन टाइम एक तासाचा असेल तर एक सिक्वेन्स, म्हणजे पाठोपाठ लावलेली ही सगळी इंजेक्शन, 38 तास मशीन अडवून ठेवतो, कॉलम इक्विलिब्रेट व्हायला लागणारा वेळ वेगळाच. हे एका टेस्टचं झालं. ॲसे (औषधाचं प्रमाण मोजणारी टेस्ट) आणि डिझोल्यूशन (गोळी विरघळण्याची टेस्ट) बाकीच आहे: बारा गोळ्या, सहा टाइम पॉइंट, म्हणजे एका प्रोफाइलची 72 इंजेक्शन.

त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रोजेक्टचा सहा महिन्यांचा पुल आला तर काय होतं? त्या प्रोजेक्टला शून्य फ्लोट आहे, पहिल्याला अजून आठवडे आहेत. तरीही ज्याची सॅम्पल आधी आली त्याचा सिक्वेन्स आधी लागतो, किंवा ज्याचा मॅनेजर जास्त वेळा फोन करतो त्याचा. प्रोजेक्टनिहाय बार चार्टवर ही टक्कर दिसतच नाही. प्रत्येक चार्टवर "टेस्टिंग, 10 दिवस" असा एक सुटसुटीत पट्टा असतो, आणि दोन्ही पट्टे एकाच मशीनवर पडताहेत हे सांगणारी रेघ कुठेच नसते. क्रिटिकल पाथच्या मूळ हिशेबात माणूस आणि मशीन हवं तेव्हा मोकळं आहे असंच धरलेलं असतं. एकच प्रोजेक्ट असेल तर ते खपून जातं, लॅबमध्ये नाही.

माझा आग्रह असतो की भिंतीवर दोन तक्ते असावेत. एक प्रोजेक्टनिहाय, ज्यावर तारखा आणि फ्लोट. दुसरा मशीननिहाय, ज्यावर पुढच्या तीन महिन्यांतले सगळे पुल, व्हॅलिडेशन, कॅलिब्रेशन आणि मेंटेनन्स. स्टॅबिलिटीची एक मोठी सोय अशी की पुलच्या तारखा चार्जिंगच्या दिवशीच कळतात. इतकं आधी कळणारं काम दुसऱ्या कुठल्या खात्यात क्वचितच असेल. तरी सहा महिन्यांनी त्याच आठवड्यात एचपीएलसीचं कॅलिब्रेशन येतं, कारण कॅलिब्रेशनची वही आणि पुलचं कॅलेंडर दोन वेगळ्या टेबलांवर असतात. दुसरा तक्ता असला की पहिला नियम सोपा होतो: मशीन कुणाला द्यायचं हे फ्लोट बघून ठरवा, ज्याचा कमी त्याला आधी. आणि मशीन मोकळं राहतंय का, हे प्रोजेक्ट न बघता रोज बघा.

दोघांवरचे उपायही निरनिराळे आहेत. क्रिटिकल पाथवर उपाय म्हणजे लवकर सुरुवात आणि कामं एकमेकांवर चढवणं. रेफरन्स स्टँडर्ड आणि इम्प्युरिटी स्टँडर्ड मेथड तयार व्हायच्या कितीतरी आधी मागवावीत, कारण ती हाती यायला महिनेही लागू शकतात. चार्जिंगच्या आदल्या आठवड्यात लेबल, चेंबरमधली जागा, प्रोटोकॉलवरच्या सह्या तयार आहेत का ते बघावं. तिथे वाचवलेला दिवस हा खरा वाचलेला दिवस. बॉटलनेकवर उपाय म्हणजे त्याला रिकामं ठेवायचं नाही आणि फालतू कामाला लावायचं नाही. एकाच मोबाइल फेजची (मशीनमधून वाहणाऱ्या द्रावणाची) कामं पाठोपाठ लावायची. मोठा सिक्वेन्स शनिवारी संध्याकाळी चढवायचा, म्हणजे रविवार वाया जात नाही. रात्री दोन वाजता सिस्टीम सुटेबिलिटी फेल झाली तर सिक्वेन्स थांबतो आणि सकाळी पहिली बस येईपर्यंत मशीन नुसतं बसून राहतं. म्हणून निघताना ॲनालिस्टने घाई न करता पहिली सहा इंजेक्शन डोळ्यांनी बघून मगच खाली उतरावं. पावसाळ्यात ट्रान्स-हार्बर रखडते, ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी भरतं आणि सेकंड शिफ्ट उशिरा पोहोचते. त्या दिवसांसाठी फर्स्ट शिफ्टमधलं कोण थांबणार हे आधीच ठरवून त्याची घरी जायची सोयही लावून ठेवावी.

बॉटलनेकची पुस्तकी शिकवण कारखान्यातून आली आहे आणि लॅबमध्ये ती एका ठिकाणी अडते. कारखान्यात बॉटलनेक मशीनपुढे थोडा माल साठवून ठेवतात, म्हणजे ते कधी उपाशी राहत नाही. लॅबमध्ये तयार सॅम्पल सोल्यूशन असं साठवता येत नाही. व्हॅलिडेशनमध्ये सोल्यूशन स्टॅबिलिटी (तयार द्रावण किती वेळ टिकतं) 24 तास सिद्ध झाली असेल तर 38 तासांच्या सिक्वेन्समधली शेवटची सॅम्पल मर्यादेबाहेर जातात. मग सॅम्पल दोन टप्प्यांत करावी लागतात आणि दुसऱ्या टप्प्याला कुणीतरी हजर असावं लागतं. म्हणजे मशीन भरलेलं ठेवण्याची खरी क्षमता ठरते ती कित्येक महिने आधी, सोल्यूशन स्टॅबिलिटी किती तासांपर्यंत तपासली त्यावरून. ज्याने तेव्हा 48 तास तपासून घेतले, त्याने पुढच्या प्रत्येक पुलला एक रात्र वाचवली.

रन टाइमचंही तसंच. मेथड डेव्हलपमेंटमधल्या ॲनालिस्टने ग्रेडियंट (एका इंजेक्शनमध्ये द्रावणाचं मिश्रण बदलत नेण्याचा क्रम) 60 वरून 35 मिनिटांवर आणला तर तोच 38 इंजेक्शनचा सिक्वेन्स साधारण 22 तासांत बसतो. ही मेहनत घ्यायला डेव्हलपमेंटमध्ये आणखी एक आठवडा लागला, आणि डेव्हलपमेंट क्रिटिकल पाथवर असेल, तर मॅनेजर म्हणणार, "मॅडम, आहे तशी मेथड फ्रीझ करा." माझ्या मते इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. फॉर्म्युलेशनवाल्यांच्या बॅचेसना अजून वेळ असेल तर तो आठवडा फ्लोटमधून निघतो, फुकट आहे. नसेल तरी ही मेथड पुढची कित्येक वर्षं कमर्शियल बॅचेस आणि त्यांच्या स्टॅबिलिटीसाठी चालणार आहे. नंतर बदलायची म्हटलं तर पुन्हा व्हॅलिडेशन आणि मंजुरीचं काम. एका प्रोजेक्टच्या एका आठवड्यासाठी सगळ्या लॅबचा गळा वर्षानुवर्षं आवळून ठेवणं मला पटत नाही.

मशीन किती भरावं यालाही मर्यादा आहे. काम अनियमित येत असेल आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर रांगेच्या सगळ्यात साध्या गणितानुसार 80 टक्के भरलेल्या मशीनपुढे सरासरी थांबणं एका कामाच्या वेळेच्या चौपट होतं, 90 टक्क्यांना नऊपट, 95 टक्क्यांना एकोणीसपट. दिवसभराच्या सिक्वेन्सला नऊ दिवस रांग! पुलच्या तारखा आधी माहीत असल्याने प्रत्यक्षात इतकं वाईट होऊ नये, पण मध्येच एखादा ओओएस (ठरलेल्या मर्यादेबाहेरचा निकाल) निघाला की ठरवलेलं सगळं विस्कटतं. "युटिलायझेशन 95 टक्के" हा आकडा अभिमानाने दाखवण्याआधी त्याच महिन्यात किती टेस्ट मुदतीबाहेर गेल्या तेही बघावं.

कधीकधी दोन्ही गोष्टी एकाच जागी येतात. 2018 मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही नायट्रोसामाइन गटातली घातक अशुद्धी सापडल्यापासून नायट्रोसामाइनची तपासणी जवळपास प्रत्येक प्रॉडक्टच्या मागे लागली. तिला लागणारं एलसी-एमएस-एमएस हे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारं मशीन लहान लॅबमध्ये एखादंच असतं. एफडीएच्या क्वेरीचं उत्तर त्या एका निकालावर थांबलं असेल तर तेच मशीन क्रिटिकल पाथ आणि तेच बॉटलनेक. अशा वेळी नवीन मशीन, बाहेरची काँट्रॅक्ट लॅब, रात्रपाळी, सगळ्यावरचा खर्च वसूल होतो. असे प्रसंग नेमके ओळखता यावेत म्हणून तर एरवी दोघांना वेगळं ठेवायचं.

शेवटचा मुद्दा बॉटलनेक ओळखण्याचा. सगळ्यांचं बोट एचपीएलसीकडे असतं, कारण ती आवाज करते, तिचं लॉगबुक भरलेलं दिसतं. पण एक दिवस लॅबमध्ये फिरून प्रत्येक टप्प्यापुढे किती काम पडून आहे ते मोजावं. प्रिपरेशनची वाट बघणारी सॅम्पल किती, मशीनची वाट बघणारे सिक्वेन्स किती, प्रोसेसिंगला पडलेले क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेले आलेख) किती, आणि रिव्ह्यूसाठी थांबलेले डेटा पॅक किती. मी पाहिलेल्या बऱ्याच लॅबमध्ये सगळ्यात उंच गठ्ठा रिव्ह्यूअरच्या टेबलावर होता. प्रत्येक इंटिग्रेशन (आलेखातल्या शिखरांची मोजणी), ऑडिट ट्रेल (संगणकातल्या बदलांची नोंद), वजनाची प्रिंट, कॉलमची नोंद तपासायची, आणि हे करू शकणारी अनुभवी माणसं दोन. त्यातली एक ओओएसच्या तपासात अडकलेली. अशा लॅबमध्ये तिसरी एचपीएलसी आणली तर तो गठ्ठा आणखी वाढतो आणि बाहेर पडणारे रिपोर्ट तेवढेच राहतात. तिथे मशीनच्या मागणीचा कागद बाजूला ठेवून आधी एका सीनियर ॲनालिस्टला रिव्ह्यूचं प्रशिक्षण द्यावं, दोघा रिव्ह्यूअरकडची मीटिंगांची आणि ट्रेनिंग फाइलींची कामं काढून घ्यावीत, आणि ॲनालिस्टने डेटा पॅक देण्याआधी स्वतः एक चेकलिस्ट भरावी, म्हणजे सही राहिली म्हणून पॅक परत फिरणार नाही. महिन्याभराने गठ्ठे पुन्हा मोजावेत. तेव्हा सगळ्यात उंच गठ्ठा खरंच मशीनपुढे दिसला, तर मागणीच्या कागदाला ती मोजणी जोडून द्यावी.