डोळ्यांवरची पट्टी काय शिकवते?

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. त्या सुमारास आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या तासाला पुष्कळ शाळांमध्ये एक ठरलेला प्रयोग होतो. एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, त्याला दारापासून फळ्यापर्यंत चालायला लावायचे, तो बाकांना अडखळला की वर्गात आधी हसू पिकते आणि मग शांतता पसरते. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘भीती वाटली’ असे उत्तर येते आणि धडा तिथेच संपतो. हेतू चांगला असला, तरी हा प्रयोग मुलांना नेमके काय शिकवतो, हे तपासून पाहायला हवे.

तसे ते तपासलेही गेले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की डोळे बांधून वावरलेल्या लोकांना अंध व्यक्तींविषयी कळवळा वाटला; पण अंध माणूस नोकरी करू शकेल, स्वतंत्रपणे राहू शकेल, हा त्यांचा विश्वास मात्र कमी झाला. याचे कारण उघड आहे. रुमाल बांधल्यावर जे अनुभवाला येते ती अंधत्वाची पहिली दहा मिनिटे असतात. दहा वर्षे पांढरी काठी वापरणाऱ्या, पावलांच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखणाऱ्या माणसाचे कौशल्य त्या रुमालात येत नाही. ‘आंधळ्याच्या गाई देव राखतो’ ही म्हण ज्या भाषेत सहज तोंडी येते, तिथे अंध माणूस स्वतःच्या गाई स्वतः राखू शकतो, हे मुलांना मुद्दाम दाखवावे लागते.

त्यासाठी शरीरविज्ञानाइतके चांगले साधन नाही. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे केंद्र असते. डोळ्यांकडून संदेश येत नसतील, तर ते केंद्र ओसाड पडत असावे, असे आपल्याला वाटते. नोरिहिरो सदातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेल्या आणि १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूतील हेच दृष्टिकेंद्र कामाला लागलेले दिसले. मेंदूने रिकामी जागा स्पर्शाला देऊन टाकली होती.

ब्रेलची गोष्ट सोलापूरच्या वर्गात तर विशेष रंगावी. लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची ही लिपी आकाराला आणली. सहा ठिपक्यांच्या उठावातून एकूण ६३ खुणा तयार होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली आणि तिचे तत्त्व असे, की उच्चार सारखा तर खूणही सारखी. मराठीचा ‘क’, तेलुगूचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ डोळ्यांना तीन वेगळे आकार दिसतात. बोटांना मात्र ते एकच, म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, असे लागतात. ज्या शहरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात, तिथे डोळस मुलांना तीन वर्णमाला गिरवाव्या लागतात, तर ब्रेल वाचणाऱ्याला एकच पुरते. जाड कागद आणि बोथट टोकाची सुई घेऊन स्वतःचे नाव ब्रेलमध्ये उमटवून पाहणे हा प्रयोग रुमालापेक्षा कितीतरी अधिक शिकवणारा आहे. (उमटवताना उजवीकडून डावीकडे जावे लागते, म्हणजे कागद उलटल्यावर वाचता येते. मुले इथे हमखास चुकतात आणि त्यात त्यांना मजाही येते.)

श्रवणदोषाचा धडा तर सोलापूरला बाहेरून आणावाच लागत नाही. शहराच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांच्या आयुष्याचा भाग झाला आहे, अशा घरांतील मुलांना आजोबा टीव्हीचा आवाज इतका मोठा का ठेवतात, हा प्रश्न पडलेला असतोच. आपल्या अंतर्कर्णात शंखासारख्या पोकळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि आवाजाच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाचा मारा सतत होत राहिला, की त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा, असा एक प्रचलित निकष आहे. डेसिबलचे मोजमाप सरळ बेरजेचे नसल्यामुळे दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. हा हिशेब मुलांना फळ्यावर करू द्यावा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. धोट्याच्या (शटलच्या) मागांच्या शेडमध्ये आवाज ९० च्या पुढे सहज जातो, आणि पाळी तर कितीतरी तासांची असते.

हा बहिरेपणा कसा सुरू होतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. सर्वांत आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. स्वरवर्ण खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. म्हणूनच आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतंय रे, पण कळत नाही.’ हे खरे असते आणि घरातले लोक मात्र त्यांना ‘सोयीचं तेवढं ऐकू येतं’ म्हणून चिडवतात. अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही. समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलल्याने होतो. इअरफोन कानात घालून फिरणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना हा धडा स्वतःसाठीही लागू आहे.

कारणांविषयी बोलताना शिक्षकाने फार जपून पावले टाकावी लागतात, कारण ज्या मुलाविषयी बोलणे चालले आहे ते कदाचित समोरच बसलेले असते. ग्रहणात आईने विळीवर काही चिरले म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. वास्तविक वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळून येतो. त्या काळात कित्येकदा आईला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. ग्रहणाचा आणि त्या जुळणीचा संबंध नाही, हे एका वाक्यात सांगितले तरी एखाद्या आईवरचा वर्षानुवर्षांचा आरोप उतरू शकतो.

नात्यातल्या लग्नांचा विषय अधिक नाजूक आहे. मामा-भाचीचे किंवा आते-मामे भावंडांचे लग्न दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटक-तेलंगणाकडील अनेक समाजांत रूढ आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश. एखादे सदोष जनुक दोघांकडेही सुप्त असेल, तर प्रत्येक अपत्यात तो दोष प्रकट होण्याची शक्यता चारात एक असते. जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार असे येतात. पण अशा जोडप्यांची बहुसंख्य मुले निरोगी असतात आणि नात्याबाहेरच्या लग्नांतही जन्मजात दोष आढळतात, हे त्याच दमात सांगितले नाही, तर विज्ञानाचा तास कुणाच्या तरी आईवडिलांवरचा खटला होऊन बसतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. नव्या यादीत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, स्वमग्नता आहे, वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमताही आहे. यांतले बरेचसे नजरेला दिसत नाही, त्यामुळे ‘वर्गात दिव्यांग कुणी नाही’ हे विधान शिक्षकाने जरा थांबूनच करावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणानुसार दिव्यांगत्व शरीर आणि परिसर यांच्या परस्परसंबंधातून घडते. परिसराची बाजू मोजपट्टीने मोजता येते, म्हणून ती मुलांना चटकन पटते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरतात. शाळेच्या ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर उतार ५.४ मीटर लांब हवा. फूटभर लांबीची फळी टाकून ‘रॅम्प’ झाल्याचे सांगणाऱ्यांना सातवीतला मुलगाही हे गणित दाखवू शकतो.

वर्गाच्या आतही असेच मोजमाप आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. शिक्षकांचा आवाज एका मीटरवर ६५ डेसिबल असेल, तर चार मीटरवर तो ५३ च्या आसपास उरतो. भिंतींच्या परावर्तनामुळे यात थोडा फरक पडतो, पण उन्हाळ्यात डोक्यावर फिरणारा पंखा आणि रस्त्यावरच्या रिक्षा त्यात भर घालायला असतातच. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करते, पंख्याचाही आणि रिक्षाचाही. त्यामुळे ते लावलेल्या मुलीला दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवणे आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळणे, एवढ्याने तिच्यापर्यंत पोहोचणारे शब्द लक्षणीय वाढतात. तिला नेमके कुठून नीट ऐकू येते, हे शिक्षकांनी आधी तिलाच विचारावे.