हात दाखवा, फोन थांबवा

परवा मावशीला घेऊन लोअर परळच्या एका मॉलमध्ये गेलो होतो. फूड कोर्टाबाहेरच्या बेसिनवर तिने हात धरले, पाणी काही येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एसीने हात गार पडलेत तुमचे. चोळा जरा, ऊब लागते त्याला." मावशीने हात चोळले, पुन्हा धरले आणि नळ सुरू झाला! झालं, सिद्धान्त पक्का. दुसऱ्या वेळी हात चार बोटं खाली आले होते, हे कोणी पाहिलंच नाही. मी पिशवीतलं ताकाचं थंडगार खोकं टोकाला धरून नळासमोर नेलं. पाणी आलं. काकूंना ते फारसं रुचलं नाही.

नळाला उष्णता कळत नाही. त्याच्या काळ्या टिकलीमागे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकणारा एलईडी असतो आणि शेजारी तो परत आला का हे पाहणारा फोटोडायोड. पुरेसा प्रकाश परतला की झडप उघडते. अंगाच्या उष्णतेवर चालतात ते जिन्यातले आपोआप लागणारे दिवे. घोटाळा बहुधा तिथूनच होतो.

पण नळाला 'समोर काहीतरी आहे' एवढंच कळतं. मूठ की चिमूट, हे ओळखायला जास्त अक्कल लागते. मायक्रोसॉफ्टच्या 2010च्या किनेक्ट या व्हिडिओ गेमच्या कॅमेऱ्याने खोलीभर अवरक्त ठिपके पसरून त्यांच्या सरकण्यावरून समोरच्या वस्तूंचं अंतर मोजलं. 2013च्या लीप मोशन या हात टिपणाऱ्या छोट्या उपकरणाने दोन कॅमेरे वापरले. बोटं हलवणारे बरेच स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधे असतात, म्हणून तिथे पट्टा बांधून स्नायूंचे विद्युत संकेतही टिपता येतात. हे सगळं छान आहे, पण माझा जीव जडलाय तो रडारवर.

गूगलच्या 'सोली' नावाच्या चिपमध्ये 60 गिगाहर्ट्झचं रडार आहे, म्हणजे 5 मिलीमीटर लांबीची रेडिओ लहर. गंमत अशी की 7 गिगाहर्ट्झ रुंदीचा कंप्रतांचा पट्टा वापरूनही अशा रडारला अंतरावरून दोन वस्तू वेगळ्या ओळखायच्या तर त्यांच्यात निदान 2 सेंटिमीटरचा फरक लागतो. आपली बोटं त्याहून जवळ असतात. मग चिमूट कळते कशी?

त्यासाठी माटुंगा रोडच्या फलाटावर उभे राहा. न थांबणारी फास्ट लोकल भोंगा वाजवत येते आणि समोरून जाताच सूर खाली पडतो. गाडीचा वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर धरा आणि ध्वनीचा सुमारे 340. येतानाच्या आणि जातानाच्या कंपनांचं गुणोत्तर येतं 360 भागिले 320, म्हणजे 9:8. हे तर शुद्ध रे आणि सा यांचं गुणोत्तर! मोटरमन फुकटात रे-सा गाऊन जातो.

हाच डॉप्लर परिणाम बोटांना लागू होतो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जवळ येणाऱ्या बोटावरून परतणारी लहर 200 हर्ट्झने चढते. 60 अब्जांत 200! ते मोजायचं कसं? तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की नाद लाटेसारखा डोलतो, तसं. पाठवलेली आणि परतलेली लहर एकत्र मिसळली की फरक तेवढा उरतो, आणि 200 हर्ट्झ मोजणं पोरखेळ आहे. शिवाय बोट 1 मिलीमीटर सरकलं तर जाण्यायेण्याचा रस्ता 2 मिलीमीटरने बदलतो, म्हणजे लहरीची कला, म्हणजे तिच्या चढउताराच्या चक्रातली जागा, 144 अंशांनी फिरते. इतका नाजूक मामला. मिसळण नव्वद अंशांच्या फरकाने दोनदा केली की फरक अधिक आहे की उणे, तेही कळतं. म्हणून अंगठा तर्जनीवर घासला की एक जवळ येतं, दुसरं लांब जातं, आणि अंतरावरून न सुटलेली बोटं वेगावरून सुटी होतात. अंतर आणि वेग यांच्या या बदलत्या नकाशांवरून 'ही चिमूट, हा झटका' असं ठरवायला संगणकाला हजारो नमुने दाखवून शिकवावं लागतं.

'हाताची ऊर्जा वाचणारं' यंत्र म्हणून काहीही विकायला आलं तर मात्र पाकीट आत ठेवा. 5 मिलीमीटरच्या या लहरीला तळहातावरच्या रेषा दिसतसुद्धा नाहीत, भाग्यरेषा तर सोडाच.

सोली 2019मध्ये गूगलच्याच पिक्सेल 4 फोनात आली. नुसता हात हलवून गजर थांबवता यायचा. तो फोन भारतात विकलाच गेला नाही, कारण 60 गिगाहर्ट्झचा पट्टा इथे विनापरवाना वापरायला खुला नव्हता. पुढच्या पिक्सेल 5मधून रडारच काढून टाकलं. 2021मध्ये तेच तंत्र उशाशी ठेवायच्या नेस्ट हब या गूगलच्या पडदेवाल्या उपकरणात दिसलं, झोपलेल्या माणसाच्या श्वासागणिक हलणारी छाती टिपायला.

मावशीच्या नळाचं म्हणाल, तर निघताना मी ती काळी टिकली रुमालाने पुसली. साबणाचं जाड पुट निघालं. त्यानंतर हात कुठेही धरा, पाणी येत होतं.