पॅकेजची बातमी: मराठी वृत्तपत्रांची विश्वासार्हता कुठे गळाली?

ऑक्टोबर 2009. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती. प्रचाराच्या त्या दिवसांत एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा गौरव करणारा मजकूर पानंच्या पानं भरून येत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे अंक पुढे ठेवले, तेव्हा त्यातले काही लेख शब्दन् शब्द सारखे असल्याचं उघड झालं. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र त्यांवर नव्हता. चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेला आकडा होता 5,379 रुपये.

पैसे देऊन हा मजकूर छापून घेतल्याचे आरोप चव्हाण यांनी नाकारले आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असं मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमानुसार नसल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एका उमेदवाराचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने असा निकाली निघाला. वाचकाचा प्रश्न वेगळा होता: मी विकत घेतलेल्या अंकातली बातमी कोणी लिहिली आणि पैसे कोणी दिले? त्याचं उत्तर त्याला कोणत्याच संपादकीयात मिळालं नाही.

उमेदवारांपुढे तेव्हा ‘पॅकेज’ ठेवली जात. इतक्या पैशांत सभांच्या बातम्या, इतक्यात मुलाखत, आणखी वर दिले तर पुरवणी. पैसे न देणारा उमेदवार छापील पानावर जणू रिंगणातच नसे. हिंदीतले ज्येष्ठ संपादक प्रभाष जोशी यांनी ‘पेड न्यूज’च्या, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापण्याच्या, या प्रकाराविरुद्ध मोहीमच उघडली होती. नोव्हेंबर 2009 मध्ये त्यांचं निधन झालं.

अशा वेळी ज्या संस्थेकडे पाहायचं, त्या प्रेस कौन्सिलचा, म्हणजे वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेचा, जन्म अशाच चिंतेतून झालेला. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 च्या अहवालात अशा परिषदेची शिफारस केली आणि 1966 मध्ये प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया उभी राहिली. आणीबाणीत ती गुंडाळली गेली, 1978 च्या कायद्याने परत आली. बातमी आणि जाहिरात यांतला फरक वाचकाला स्पष्ट दिसला पाहिजे, असं तिची आचारसंहिता सांगते. पण नियम मोडणाऱ्याला ती ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही.

तरीही 2009-10 मध्ये परिषदेकडे एक मोठी संधी आली होती. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजबद्दल देशभर फिरून साक्षी नोंदवल्या आणि 71 पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावं होती. जुलै 2010 मध्ये परिषदेने तो अहवाल स्वतःच्या अंतिम अहवालाला न जोडण्याचं ठरवलं आणि नावं वगळून मोजक्या पानांचा मजकूर प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर आला तो 2011 मध्ये, माहिती अधिकारातल्या लढ्यानंतर, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे. माझ्या मते पेड न्यूजपेक्षाही या निर्णयाने पत्रकारितेचं अधिक नुकसान केलं. इतरांकडून रोज माहितीचा हक्क मागणाऱ्या व्यवसायाने स्वतःबद्दलची माहिती झाकून ठेवली.

पुढचं काम मग बाहेरच्यांनी केलं. निवडणूक आयोगाने जिल्हावार माध्यम देखरेख समित्या नेमल्या. ऑक्टोबर 2011 मध्ये उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव पेड न्यूजचा खर्च लपवल्यावरून अपात्र ठरल्या. पेड न्यूजला निवडणूक गुन्हा ठरवा, असं विधी आयोगाने 2015 मध्ये सांगितलं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात ती तरतूद अजून आलेली नाही.

या सगळ्या चर्चेत तालुक्याचा वार्ताहर फारसा येत नाही, आणि खरी गाठ तिथेच आहे. अनेक ठिकाणी त्याला पगार नसतो, असलं तर किरकोळ मानधन. त्याची मुख्य कमाई म्हणजे त्याने आणलेल्या जाहिरातींवरचं कमिशन. नेत्याचा वाढदिवस आला की पुरवणीचा कोटा त्याच्या गळ्यात. ज्या कारखान्याच्या चेअरमनकडून सकाळी जाहिरात घ्यायची, त्याच कारखान्याच्या थकीत ऊसबिलाची बातमी त्याने संध्याकाळी कशी द्यायची? आचारसंहितेचं पुस्तक त्याच्या हाती देऊन हा पेच सुटत नाही.

पोटाची काळजी असलेला पत्रकार स्वतंत्र राहू शकत नाही, ही जाण राजाध्यक्ष आयोगाच्या काळात होती. म्हणूनच अहवालापाठोपाठ 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा आला. पण त्याच्या व्याख्येत ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, तोच श्रमिक पत्रकार. शेती, एजन्सी किंवा दुकान सांभाळून बातम्या पाठवणारा वार्ताहर सहज तिच्याबाहेर राहिला. पत्रकारांचं वेतन ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये उचलून धरल्या, तेव्हाही त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. 2020 मध्ये संसदेने कामगार संहिता मंजूर केल्या, त्यात 1955 चा हा कायदाही सामावून घेतला. वार्ताहराचं मानधन जाहिरातीच्या कमिशनपासून तोडावं, अशी अट मात्र वृत्तपत्रांवर आजही कोणी घातलेली नाही.