आधी आकाशच नव्हतं

निसर्गाचे फोटो काढायला पहाटे निघालेल्या माणसाला विचारून बघा, आज कशासाठी निघालात म्हणून. तो डोंगराचं नाव घेणार नाही, नदीचंही नाही. ‘रात्रभर पाऊस होता, आता उघडीप मिळेल’ किंवा ‘आज ढग छान आहेत’ असंच काहीतरी सांगेल. डोंगर कालही तिथेच होता आणि उद्याही असणार आहे. त्यामुळे छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांतले निसर्गाचे फोटो मी लक्ष देऊन पाहिले, तेव्हा मला धक्का बसला. त्यांत डोंगर आहे, झाडं आहेत, पाणी आहे, पण वरचा भाग कोरा आहे. ढगाचा एक पुंजका नाही. बदलत्या उजेडाची वाट पाहण्याची जी रीत आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, ती या कोऱ्या जागेमुळे घडत गेली असं माझं मत आहे. म्हणून निसर्गछायाचित्रणाची गोष्ट सांगताना मी आकाशाचाच धागा धरतो.

सुरुवात फ्रान्समधल्या एका खिडकीपासून होते. निसेफोर निएप्स याने 1826-27 च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून दिसणारं अंगण आणि छपरं एका धातूच्या पत्र्यावर टिपली. पत्र्यावर त्याने एका जातीच्या डांबराचा पातळ थर दिला होता. ऊन लागेल तिथे तो थर घट्ट व्हायचा आणि उरलेला धुऊन काढता यायचा. त्यासाठी पत्रा किमान 8 तास उघडा ठेवावा लागला; काही अभ्यासक तर कित्येक दिवस लागले असावेत असं मानतात. त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे, म्हणजे सकाळचं ऊन आणि दुपारनंतरचं ऊन एकाच पत्र्यावर येऊन बसलंय. जगातलं सर्वांत जुनं टिकून राहिलेलं कॅमेऱ्यातलं चित्र एका निसर्गदृश्याचं आहे, आणि त्यात दिवसाची कुठलीच वेळ नाही.

1839 मध्ये फ्रान्सच्याच लुई दागेरची, चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो टिपण्याची पद्धत जाहीर झाली आणि तासांची मिनिटं झाली. पुढच्या 10-12 वर्षांत ती मिनिटंही कमी होत गेली. आकाश मात्र आलं नाही, कारण अडचण वेळेपेक्षा रसायनात होती. त्या काळचा चांदीच्या क्षारांचा थर निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश तेवढा ओळखायचा. हिरव्याला जेमतेम दाद द्यायचा आणि लाल त्याला दिसतच नसे. हिरव्या रानाचा नि तपकिरी मातीचा तपशील यावा म्हणून थर जास्त वेळ उघडा ठेवला, की तेवढ्या वेळात निळं आकाश पार भाजून निघायचं. शिवाय निळं आकाश आणि पांढरा ढग या दोघांतलाही निळा प्रकाश त्या थराला जवळजवळ सारखाच वाटायचा. ढग वेगळा दिसणार तरी कसा? निगेटिव्हवर (उजळ भाग काळा उमटतो अशा मूळ चित्रावर) आकाशाच्या जागी गच्च काळा पट्टा यायचा आणि छापल्यावर तिथे पांढरा कागद उरायचा. त्या पट्ट्यात डाग पडले तर कित्येक जण ब्रशने काळा रंग भरून सगळं आकाश एकसारखं करून टाकत. म्हणजे जे थोडंफार आलेलं असायचं, तेही जायचं.

1851 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत मांडली. तिने तपशील अफाट दिला, पण माणसाला बांधूनही ठेवलं. जागेवरच काळा तंबू ठोकायचा. आत काचेवर कोलोडिअनचा चिकट थर ओतून ती तिरकी करत करत सगळीकडे सारखा पसरवायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत तंबूत परत येऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. आता कल्पना करा: काच तयार करून तुम्ही तंबूबाहेर येता आणि नेमका सूर्यासमोर ढग येतो. काच वाळत चालली आहे आणि ढग हलत नाही. आज आपण ट्रायपॉड लावून दोन तास बसू शकतो. त्यांच्याकडे थांबायला तेवढीच दहा मिनिटं असत, आणि ती गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यातून वाऱ्याची भीती वेगळीच. एक्स्पोजर (काच उजेडाला उघडी राहण्याचा वेळ) काही सेकंदांचं असायचं, त्यात पानं हलली की झाडाचा धुरळा व्हायचा. म्हणून वारा सुटण्याआधीची स्थिर सकाळ ही या लोकांची आवडती वेळ. कार्ल्टन वॉटकिन्सने 1861 मध्ये अमेरिकेतलं योसेमिटीचं खोरं सुमारे 18 बाय 22 इंचांच्या काचांवर टिपलं. छापील फोटो काचेएवढाच निघत असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी मोठी काचच न्यावी लागायची, आणि ती खेचरांच्या पाठीवरून जायची. त्याच्या फोटोंतलं तळ्याचं पाणी आरशासारखं दिसतं ते या पहाटेच्या शांततेमुळे. 1864 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ज्या कायद्यावर सही करून ते खोरं राखून ठेवलं, त्यासाठी वातावरण तयार करण्यात या फोटोंचा हात होता असं मानलं जातं. 1863 मध्ये भारतात आलेला इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न तर हमालांचा तांडा घेऊन हिमालयात हिंडला आणि 1866 मध्ये मणिरंग खिंडीत, सुमारे 18,600 फुटांवर, त्याने ही ओल्या काचेची सगळी उठाठेव करून दाखवली. तिथल्या थंडीत उघड्या हातांनी काचेवर रसायन ओतणं म्हणजे काय, हे मी वाचताना पुन्हा पुन्हा थांबून मनाशी आणतो.

आकाशाची कोंडी फोडली ती गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच माणसाने. 1856-57 मध्ये त्याने समुद्राची जी चित्रं केली, त्यांतल्या बऱ्याच चित्रांत दोन निगेटिव्ह आहेत: समुद्रासाठी एक, ढगांसाठी दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा सांधा. पाहणाऱ्यांना फोटोत भरलेलं, जिवंत आभाळ दिसलं. काही वेळा त्याने एकच आभाळ वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं. पण त्याच मालिकेतलं जहाजाचं एक चित्र एकाच काचेवरचं आहे. सूर्य ढगाआड, पाण्यावर त्याची झळाळी आणि बाकी सगळं काळोखात. लोकांना ते चांदण्यातलं वाटलं. माझ्या दृष्टीने त्या दोन निगेटिव्हच्या चित्रांपेक्षा हे अधिक महत्त्वाचं, कारण इथे रसायनाची मर्यादा न झाकता तिला झेपेल असा उजेड त्याने शोधला. आपण आजही तेच करतो.

दोन निगेटिव्हचा मार्ग मात्र लगेच रुळला. आभाळाच्या निगेटिव्ह जपून ठेवायच्या आणि लागेल तशा वापरायच्या, हे सर्रास होऊ लागलं. त्यावर टीकाही तेव्हापासूनचीच: खाली ऊन एका बाजूचं, वरच्या ढगांवर दुसऱ्याच बाजूचं.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत तंबू, बाटल्या, हमाल सगळं मागे पडलं. पण काच घरी जाऊन धुवायची म्हटल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला: एक्स्पोजर चुकलं हे आता जागेवर कळत नव्हतं. म्हणून उजेड आधीच मोजायला हवा. हर्टर आणि ड्रिफील्ड हे दोघे इंग्लंडमध्ये रसायनाच्या कारखान्यात काम करत आणि हौसेने फोटो काढत. 1888 मध्ये त्यांनी एका सरकपट्टीचं पेटंट घेतलं. तारीख, तास, आकाश स्वच्छ आहे की मळभ, काच किती संवेदनशील हे जुळवलं की किती वेळ उघडायचं ते त्यावर वाचता येई. वर्षभराचा उजेड एका पट्टीवर! 1890 मध्ये प्रकाश आणि निगेटिव्हचा काळेपणा यांचं नातं दाखवणारा आलेख त्यांनी प्रसिद्ध केला आणि पुढचं सगळं फिल्मशास्त्र त्यावर उभं राहिलं.

हवामान ही अडचण न राहता विषय कधी झालं, याला एक तारीख सांगायची तर मी 22 फेब्रुवारी 1893 सांगेन. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हातातला साधा कॅमेरा घेऊन 3 तास उभा होता, हवा तो क्षण येईपर्यंत. रस्ता शहरातला, पण थांबण्याची हीच पद्धत डोंगरात जाणाऱ्यांचीही झाली. हाच स्टिग्लिट्झ 1922 पासून ढगांचे फोटो काढू लागला आणि लवकरच कॅमेरा थेट वर करून नुसते ढग टिपू लागला. जमीन नाही, क्षितिज नाही. जे आकाश 80 वर्षांपूर्वी काचेवर उमटतच नव्हतं, तेच आता अख्खं चित्र झालं.

हे शक्य झालं कारण मधल्या काळात काचेला रंग दिसू लागले होते. 1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला आढळलं की थरात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली की तो हिरव्यालाही दाद देतो. 1906 मध्ये लालपर्यंत सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. आता भिंगासमोर पिवळी काच धरली की निळं थोडं अडतं आणि ढग उठून दिसतात. लाल धरली की आकाश जवळजवळ काळं होतं. 10 एप्रिल 1927 रोजी अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल अ‍ॅडम्स योसेमिटीतल्या हाफ डोम या सुळक्यासमोर उभा होता आणि जवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळ्या फिल्टरने वापरली. मग त्याच्या लक्षात आलं की डोळ्यांसमोरचं भव्यपण यात उतरणार नाही. शेवटच्या काचेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. बर्फाच्या पांढऱ्या कडांमागे आकाश काळंभोर आलं.

त्याचीच दुसरी गोष्ट मी कुणालाही सांगताना थकत नाही. 1941 च्या शरदात, दिवसभर काही न जमल्यावर, तो न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून गाडीने परतत होता. डावीकडे पाहिलं तर बर्फाळ डोंगरांवर चंद्र उगवलेला आणि मावळतीची शेवटची तिरपी उन्हं खालच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर. गाडी बाजूला घेतली, मोठा कॅमेरा उभा केला, आणि उजेड मोजायचा मीटर सापडेना. पण चंद्राचा उजळपणा त्याला आकड्यानिशी पाठ होता, दर चौरस फुटाला 250 कँडल (कँडल हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप). त्यावरून मनात हिशेब करून भिंगाचं छिद्र f/32 वर (म्हणजे अगदी लहान) आणि एक्स्पोजर 1 सेकंद धरलं. दुसऱ्या फोटोसाठी फिल्मची चौकट उलटी करतोय तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं. आयुष्यभर तो ही एकच निगेटिव्ह छापत राहिला आणि वर्षांगणिक तिच्यातलं आकाश अधिक काळं करत गेला. सुरुवातीच्या प्रतींत दिसणारे वरचे विरळ ढग नंतरच्या प्रतींत उरले नाहीत. तारीख मात्र त्याने कधीच नीट लिहून ठेवली नव्हती. पुढे चंद्राची जागा आणि डोंगरांची दिशा यांवरून खगोलाच्या अभ्यासकांनी ती काढली: 1 नोव्हेंबर 1941, दुपारचे 4 वाजून 49 मिनिटं. निएप्सच्या पत्र्यावर दिवसाची वेळच नव्हती. इथे चित्रातूनच मिनिट वाचता आलं.

रंगीत फिल्मने कलत्या उन्हाला भाव आणला. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचे किरण माथ्यावरच्या सूर्यापेक्षा जवळपास 40 पट हवा पार करून येतात. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस-सोनेरी उरतो. हे विखुरणं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये गणिताने मांडलं. कृष्णधवल फिल्मला या सोनेरीपणाचं काही नव्हतं, तिला फक्त लांब सावल्यांशी मतलब. 1936 मध्ये कोडाक्रोमची फिल्म साध्या कॅमेऱ्यांसाठी आली, 1990 मध्ये गडद रंगांची वेल्व्हिया आली, आणि सूर्योदय-सूर्यास्ताभोवतीचा तासच जणू निसर्गछायाचित्रणाची कामाची वेळ ठरला. मात्र या स्लाइड फिल्मची (जिच्यावर थेट सुलटं रंगीत चित्र येतं) झेप जेमतेम 5 स्टॉपची; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट होणं, आणि झेप म्हणजे सर्वांत गडद ते सर्वांत उजळ भागांपर्यंतचं अंतर. उजळ आकाश आणि सावलीतली दरी दोन्ही एकदम मावायची नाहीत, म्हणजे पुन्हा तोच जुना तिढा. त्यावर उपाय म्हणून वरून काळसर आणि खाली स्वच्छ अशी काच भिंगापुढे धरायची पद्धत आली. अमेरिकन गिर्यारोहक गेलन रोवेलने ती आवडीने वापरली. 1981 मध्ये ल्हासाच्या पोताला राजवाड्यावर इंद्रधनुष्याचं टोक टेकलेलं दिसावं म्हणून तो विरळ हवेत धावत सुटला होता.

सोनेरी उन्हाचं इतकं कौतुक झालं की मळभाच्या उजेडाची किंमत लोक विसरले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टास्मानियाच्या फ्रँकलिन नदीचं पीटर डोम्ब्रोव्स्किसने काढलेलं धुक्यातलं चित्र बघावं. ना ऊन, ना सावली. ओले खडक, पांढरं पाणी आणि मागे विरत गेलेलं रान. 1983 च्या ऑस्ट्रेलियातल्या निवडणुकीत ते नदीवरच्या नियोजित धरणाविरुद्ध वृत्तपत्रांत पानभर छापलं गेलं, आणि त्या वर्षी धरण थांबलं.

डिजिटल काळाबद्दल थोडक्यातच सांगतो. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र करून पूर्ण उजेड परत मिळवण्याची रीत 1997 मध्ये डेबेवेक आणि मलिक या संगणकशास्त्रज्ञांनी मांडली. आज ती फोनमध्येही आपोआप चालते. आताचे चांगले सेन्सर एकाच फोटोत 14 स्टॉपच्या आसपास झेप घेतात. आकाश न येण्याचं रसायनातलं कारण संपलं. तरी 2020 च्या ऑक्टोबरमध्ये फोटोशॉपमध्ये एका क्लिकवर आकाश बदलायची सोय आली, आणि ल ग्रेची ती दुसरी निगेटिव्ह पुन्हा प्रत्येकाच्या हाती पडली. तिच्याबरोबर जुनी टीकाही आली. अनेक स्पर्धा आता मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही बदल न केलेली) मागतात. पण मला नुसत्या फोटोवरून पारखायचं असलं तर मी आधी सावली बघतो. परवाच असं एक चित्र पाहिलं: ढगांची उजळ कड डावीकडे, आणि खालच्या गवतात एकट्या झाडाची लांब सावलीही डावीकडेच पडलेली.