फिरत्या डिझेल पंपाचे माप आणि त्यात शिरणारी हवा

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कडेगाव, कराड या पट्ट्यात तोडणी यंत्रांच्या मागोमाग आणखी एक वाहन फडापर्यंत येताना दिसते. पाठीवर डिझेलची टाकी आणि मागच्या पेटीत मीटर व गुंडाळलेली लांब नळी असा हा ट्रक, म्हणजे बाउझर, बांधाशी उभा राहतो आणि यंत्राच्या टाकीत शेकडो लिटर डिझेल भरून निघून जातो. इंडियन ऑइलने मार्च 2018 मध्ये पुण्यात अशी घरपोच डिझेल सेवा सुरू केली तेव्हा ती नवलाची वाटली होती. या फिरत्या पंपाच्या मापाविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. गाडी खाचखळग्यांतून हिंदकळत येते, त्यामुळे तिच्यावरचे माप अंदाजाचेच असणार, हे एक मत. पडद्यावर दशांश चिन्हासह आकडा उमटतो आणि छापील पावती मिळते, त्यामुळे चुकीला जागाच उरत नाही, हे दुसरे. ही दोन्ही मते चुकीची आहेत, कारण पडदा स्वतः काहीच मोजत नाही. मोजण्याचे काम त्याच्या खाली असलेल्या धातूच्या एका कप्प्यात होते आणि तिथे काय घडते हे कळले तर माप कधी बिघडते, कोणाच्या बाजूने बिघडते, हेही कळते.

टाकीतून यंत्रापर्यंतचा डिझेलचा मार्ग थोडक्यात असा असतो: टाकीच्या तळाची झडप, पंप, गाळणी, हवा वेगळी करणारे पात्र, मीटर, प्रवाह बंद करणारी झडप, नळी आणि शेवटी नोझल. पंपाला बहुधा ट्रकच्या इंजिनाकडूनच पीटीओमार्फत, म्हणजे इंजिनाची फिरती शक्ती दुसऱ्या यंत्राला देणाऱ्या जोडणीमार्फत, गती मिळते. रोटाव्हेटर चालवणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरमालकाला पीटीओ परिचयाचा असतो. इंजिनाचा वेग कमीजास्त झाला की पंपाचा प्रवाहही कमीजास्त होतो, म्हणून किती वेळ पंप चालला यावरून लिटर ठरवता येत नाहीत. प्रवाहाच्या वेगावर विसंबून न राहता प्रत्यक्ष आकारमान मोजणारे मीटर इथे लागते.

असे एक सुंदर मीटर म्हणजे अंडाकृती दातेचाकांचे मीटर. एका बंद कप्प्यात दोन लंबगोल दातेचाके एकावर एक, परस्परांत दाते गुंतवून बसवलेली असतात. डिझेल डावीकडून आत येते आणि उजवीकडून बाहेर जाते, असे समजू. ज्या क्षणी वरचे चाक आडवे असते त्या क्षणी खालचे उभे असते. आडव्या चाकाची दोन्ही टोके कप्प्याच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली असतात आणि चाकाची पाठ व भिंत यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराचा एक कोंडलेला घोट तयार होतो. आत येणाऱ्या बाजूचा दाब बाहेर जाणाऱ्या बाजूच्या दाबापेक्षा अधिक असतो. उभ्या चाकावर हा दाब त्याच्या आसाच्या वर आणि खाली सारखाच पडतो, म्हणून त्याला फिरवणारे बल मिळत नाही. आडव्या चाकाच्या मात्र खालच्या अंगाला, डाव्या अर्ध्या भागावर जास्त दाब आणि उजव्या अर्ध्या भागावर कमी दाब असतो. त्यामुळे त्याचे डावे टोक वर उचलले जाते, ते फिरू लागते आणि दात्यांतून खालच्या चाकालाही फिरवते. वर कोंडलेला घोट उजवीकडे रिता होतो. पाव फेरा झाला की भूमिका बदलतात: खालचे चाक आडवे होते, त्याच्याखाली नवा घोट कोंडला जातो आणि आता ते वरच्या चाकाला फिरवते. एका पूर्ण फेऱ्यात असे चार घोट पलीकडे जातात. उदाहरणादाखल एक घोट 25 मिलिलिटरचा धरला, तर एक फेरा म्हणजे 100 मिलिलिटर आणि दहा फेरे म्हणजे एक लिटर. या रचनेला बाहेरून वीज किंवा मोटर लागत नाही. जे मोजायचे तेच द्रव स्वतःच्या दाबाने मोजणाऱ्या चाकांना फिरवते, आणि इतक्या साध्या भूमितीतून इतके काटेकोर माप निघावे याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

चाकाच्या फेऱ्यांचे रूपांतर पुढे विद्युत स्पंदांत होते. चाकातील किंवा त्याच्या दांड्यावरील चुंबक संवेदकासमोरून गेला की एक स्पंद उमटतो आणि एका लिटरला किती स्पंद हे प्रमाण यंत्रात भरून ठेवलेले असते. ठरावीक लिटर आधीच नोंदवून ठेवले असतील, तर शेवटचे काही लिटर उरताच झडप अर्धवट मिटते आणि मग पूर्ण बंद होते, म्हणजे नळीला हिसका बसत नाही आणि जास्तीचे डिझेलही जात नाही.

कोंडलेला घोट पूर्णपणे बंदिस्त मात्र नसतो. चाके फिरायची तर चाक आणि भिंत यांच्यात बारीकशी फट ठेवावीच लागते आणि त्या फटीतून थोडे डिझेल न मोजता निसटते. किती निसटेल हे फटीची रुंदी, दोन बाजूंच्या दाबांतील फरक आणि द्रवाचा दाटपणा यांवर ठरते. म्हणूनच पाण्यावर जुळवलेले मीटर डिझेलसाठी जसेच्या तसे चालत नाही. प्रवाह फार मंद असला तर एकूण मापाच्या तुलनेत ही गळती मोठी ठरते. मीटरच्या नामपट्टीवर किमान प्रवाह आणि किमान मात्रा लिहिलेली असते ती यासाठी. वर्षानुवर्षांच्या वापराने चाके झिजली की फट रुंदावते, अधिक डिझेल न मोजता पुढे जाते आणि आकडा कमी दिसतो. म्हणजे झिजलेले मीटर गिऱ्हाइकाला जास्त डिझेल देते आणि तोटा विक्रेत्याचा होतो.

हवेची गोष्ट नेमकी उलटी आहे. कोंडलेल्या घोटात डिझेल आहे की हवा, हे चाकांना कळत नाही. घोट पुढे सरकला की तो मोजला जातो. धार काढताना चरवी फेसाने काठोकाठ भरलेली दिसते आणि फेस बसल्यावर दूध खाली उतरते, तसेच इथे घडते. फरक एवढाच की मीटरमधला फेस गिऱ्हाइकाला दिसत नाही. रस्त्यावरच्या पंपाची जमिनीखालची टाकी सहसा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. ट्रकची टाकी मात्र रोज तळाशी जाते. पातळी खाली आली की तळाच्या तोंडाशी भोवरा तयार होतो आणि त्याच्या मधल्या पोकळीतून हवा ओढली जाते. पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या उतारावर गाडी तिरकी उभी असेल, तर हे आणखी लवकर घडते. दुसरी वाट अधिक फसवी आहे. टाकी आणि पंप यांच्यातला एखादा जोड सैल असेल आणि पंप चालू असताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, तर डिझेलचा एक थेंबही गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शोषली जाते.

यावरचा उपाय म्हणजे मीटरच्या आधी बसवलेले हवा वेगळी करणारे पात्र. समजा, 50 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला 120 लिटर डिझेल वाहते आहे. त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर होतो. हेच डिझेल 200 मिलिमीटर व्यासाच्या उभ्या पात्रात शिरले की व्यास चौपट, म्हणून क्षेत्रफळ सोळापट होते आणि वेग सेकंदाला साडेसहा सेंटीमीटरच्या आत येतो. दोन मिलिमीटरचा बुडबुडा डिझेलमध्ये सेकंदाला दहा सेंटीमीटरहून अधिक वेगाने वर चढतो. खाली जाणाऱ्या संथ प्रवाहाला मागे टाकून तो पात्राच्या माथ्याशी पोहोचतो. तिथे हवा साठली की डिझेलची पातळी उतरते, तिच्यावरचा तरंगक खाली येतो आणि हवा बाहेर सोडणारे तोंड उघडतो. चांगल्या रचनेत याच वेळी पुढची झडपही मिटते, म्हणजे हवा निघून जाईपर्यंत मीटर थांबून राहते.

अडचण बारीक बुडबुड्यांची असते. अगदी लहान बुडबुड्याचा चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो; व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. एक दशांश मिलिमीटरचा बुडबुडा डिझेलमध्ये सेकंदाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर चढतो आणि म्हणून प्रवाहाबरोबर मीटरमध्ये ओढला जातो. सैल जोडातून शिरलेली हवा पंपाच्या पात्यांत घुसळली जाऊन असेच बारीक बुडबुडे तयार होतात आणि डिझेलला मुळातच फेस लवकर येतो. दिलाशाची बाब एवढीच की मीटरपाशी दाब असल्याने ही हवा आकसलेली असते. बाहेरच्या हवेच्या तिप्पट दाब तिथे असेल, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे बाहेरची तीन लिटर हवा मीटरमध्ये एक लिटर म्हणूनच मोजली जाते.

मीटरच्या पुढच्या नळीचेही गणित लक्षात घेण्याजोगे आहे. आतून 25 मिलिमीटर व्यासाच्या 30 मीटर लांब नळीत सुमारे पावणेपंधरा लिटर डिझेल मावते. ही नळी आधी रिकामी असेल, तर नोझलमधून पहिला थेंब पडण्यापूर्वीच तेवढे लिटर मोजले गेलेले असतात. म्हणून बंद करण्याची झडप नळीच्या शेवटच्या टोकाला, नोझलमध्ये असते आणि नळी कायम भरलेली ठेवली जाते.

तापमानाबद्दल बरेच गैरसमज आहेत. भल्या पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते, शंभरऐवजी 110 रुपयांचे मागितले की फसवणूक टळते, असे संदेश मोबाइलवर अखंड फिरत असतात. आकडा शंभर असो वा 110, लिटरचे गणित यंत्र एकाच प्रमाणाने करते, आणि जमिनीखालच्या टाकीतील तापमान पहाटे व दुपारी फारसे बदलत नाही. ट्रकच्या टाकीला मात्र वर मातीचे आच्छादन नसते. डिझेल दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.08 टक्के प्रसरण पावते. पहाटे भरलेले 1000 लिटर डिझेल जत-आटपाडीच्या एप्रिलमधल्या उन्हात दहा अंशांनी तापले, तर ते सुमारे 1008 लिटर होते, आणि वस्तुमान तेवढेच राहते. कॅनडात अशा विक्रीत 15 अंशांवरचे आकारमान काढून देणारी यंत्रे वापरली जातात. आपल्याकडे गिऱ्हाइकाला त्या वेळच्या तापमानाचे लिटर मिळतात. तापमानाची ही तफावत खरी आहे, पण तिचा दोष मीटरचा नाही.

आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या शिफारशीत रस्त्यावरच्या पंपाचे आणि टँकरवरचे माप एकाच अचूकता वर्गात, म्हणजे 0.5 टक्क्याच्या मर्यादेत ठेवलेले आहे. पाच लिटरच्या प्रमाणित मापात ही मर्यादा 25 मिलिलिटर होते. आपल्याकडे 2009 च्या वैध मापन कायद्याखाली तपासणी आणि मुद्रांकन होते, आणि मीटरचे प्रमाण कोणी परस्पर बदलू नये म्हणून त्याला सील लावले जाते. पाच लिटरचे माप एवढ्या मोठ्या प्रवाहासाठी अपुरे पडते, म्हणून ट्रकवरच्या मीटरसाठी मोठी प्रमाणित पात्रे वापरावी लागतात. भरलेल्या टाकीवर आणि सपाट जागेवर घेतलेल्या चाचणीत हवेचा दोष उघडकीस येत नाही. त्यासाठी भरणे चालू असतानाच टाकीचा एक कप्पा मुद्दाम कोरडा पडू द्यायचा, मग दुसऱ्या कप्प्यातून उरलेले माप पूर्ण करायचे आणि प्रमाणित पात्रातले डिझेल मीटरच्या आकड्याशी ताडून पाहायचे, अशी चाचणी असते. कप्पा कोरडा पडताना मीटर थांबले नाही आणि प्रमाणित पात्रात डिझेल कमी भरले, तर हवा वेगळी करणारे पात्र नीट काम करत नाही असे समजावे.